कमानीची राखण

मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीत श्रमदान असतं. ओस्लोत बहुतेक सोसायट्यांमध्ये असतं; इथे त्याला दुग्नाड म्हणतात. कोणी बर्फावर घसरू नये म्हणून हिवाळाभर टाकलेली खडी झाडून काढायची, बाकांना रंग द्यायचा, झुडपं छाटायची आणि तळघरात साचलेलं बेवारस सामान बाहेर आणायचं. यंदा माझ्या वाट्याला तळघर आलं. खाली प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीची एकेक खोली आहे, आणि मधल्या बोळात ज्याला कोणी वाली नाही असं सगळं. मोडकी बाबागाडी, जोडीदार हरवलेला स्पीकर, ओल धरलेली गादी. त्यांच्या मागे भिंतीला टेकून लाकडी स्कींची एक जोडी उभी होती. कमिटीतल्या बाई सगळ्या वस्तूंवर पिवळी चिकटपट्टी लावत येत होत्या: शुक्रवारपर्यंत कोणी नेलं नाही तर टाकून देणार. त्यांनी स्कींवरही लावली आणि पुढे गेल्या.

स्की माझ्यापेक्षा हातभर उंच होत्या. तळाला तळ लावून उभ्या. वर टोकापाशी एक चामडी पट्टा, खाली शेपटापाशी दुसरा, आणि बरोबर मध्ये, चालताना पाऊल जिथे येतं तिथे, दोन स्कींच्या फटीत लाकडाचा एक ठोकळा बसवलेला. ठोकळा हाताने तासलेला होता. स्कीला टोचू नये म्हणून त्याच्या चारही कडा गोल केल्या होत्या, आणि तो नेमका कुठे बसवायचा याची खूण म्हणून दोन्ही स्कींच्या कडेवर पेन्सिलीची बारीक रेघ होती. तळाला डांबराचा तपकिरी थर होता, पाइनच्या लाकडापासून काढतात त्या डांबराचा. बोट लावलं तर कोरडा, पण नाक जवळ नेलं की धुरकट, गोडसर वास अजून येत होता.

घरी आल्यावर जेवण झालं, भांडी झाली, तरी मनात तो ठोकळाच.

बेवारस वस्तू बघून मला एरवी इतकं वाटत नाही. माणसं घरं बदलतात, म्हातारी होतात, जातात. वस्तू मागे राहतातच. पण टाकून द्यायच्या वस्तूला कोणी ठोकळा लावत नाही. कुठल्यातरी एका वसंतात कोणीतरी या स्की पुसल्या, जुनं मेण खरवडलं, डांबर लावलं, ते वाळेपर्यंत वाट पाहिली, ठोकळा खुणेवर बसवला, पट्टे आवळले आणि जोडी भिंतीला लावून ठेवली. यातलं सगळं पुढच्या हिवाळ्यासाठी होतं. पुढचा हिवाळा येणार, पहिला बर्फ पडणार, आपण खाली उतरून पट्टे सोडणार, याबद्दल त्या माणसाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ठोकळ्याने आपलं काम चोख केलं होतं. माणूस मात्र आला नाही.

ज्यांनी स्की हातात घेतलेली नाही त्यांना ठोकळ्याचं काम सांगायला हवं. स्की लांबून सरळसोट फळी दिसते, पण ती सपाट जमिनीवर ठेवली की फक्त पुढचा आणि मागचा भाग टेकतो. मधला भाग जरासा उचललेला राहतो. ती कमान. डोंगरउतारावरच्या स्कीला ती असते, स्नोबोर्डलाही बहुधा असते, पण सपाटीवर आणि चढावर चालायच्या नॉर्वेच्या पारंपरिक स्कीचा सगळा जीवच या कमानीत असतो. कमानीखालच्या भागावर चिकट मेण लावतात, टोकाकडच्या आणि शेपटाकडच्या भागांवर घसरतं मेण. दोन्ही पायांवर भार देऊन घसरत असताना कमान उचललेली राहते आणि चिकट मेण बर्फाला लागत नाही. पाऊल रेटायला एका पायावर सगळा भार टाकला की कमान दबते, मेण बर्फाला धरतं, मागे न घसरता माणूस पुढे जातो. पाऊल उचललं की कमान परत वर. दिवसभर, हजारो वेळा. दुकानात स्की घेताना सपाट फळीवर जोडी मांडून तुम्हाला उभं करतात आणि विक्रेता गुडघे टेकून पावलाखाली कागदाची चिठ्ठी सरकवून बघतो. दोन्ही पायांवर उभं असताना चिठ्ठी सहज मागेपुढे सरकायला हवी. मग एकाच पायावर सगळं वजन टाकायला सांगतो. आता चिठ्ठी घट्ट अडकायला हवी. नाही अडकली तर ही जोडी तुमच्यासाठी फार ताठ, आधीच अडकली तर फार मऊ. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. म्हणून दुसऱ्याच्या स्की आपल्याला क्वचितच लागू पडतात. तळघरातल्या त्या जोडीच्या कमानीतही कोणाचं तरी वजन होतं, त्या काळचं, त्या वयाचं.

लाकूड मूळचं सरळ. त्याला वाफ देऊन, साच्यात दाबून बाक आणलेला असतो, आणि ओल किंवा ऊब मिळाली की ते हळूहळू परत सरळ व्हायला बघतं. म्हणून उन्हाळ्यात दोन स्की टोकांशी बांधायच्या आणि मध्ये ठोकळा घालून कमान ताणून ठेवायची. आताच्या स्की काचतंतू, कार्बन, लाकडाचा किंवा फोमचा गाभा आणि प्लास्टिकचा तळ असे थर चिकटवून केलेल्या असतात. त्यांची कमान स्वतःहून टिकते, ठोकळा लागत नाही. पण त्यांनाही मधोमध आवळून बांधलं आणि महिनोन्महिने तसंच ठेवलं, किंवा वर खोकी रचली, तर कमान मरते. वरून स्की जशीच्या तशी दिसते, रंग तोच, चकाकी तीच. पुढच्या डिसेंबरात पहिल्या चढावर पाय मागे घसरायला लागतो तेव्हाच कळतं. म्हणून इथले जुने लोक सांगतात की पट्टे दोन टोकांना, सैल, आणि मध्ये काही नाही. स्कीभोवती एवढी आवराआवर चालते, मेण, कापड, पिशव्या, खोकी. पण राखायची असते ती ही बोटभर हवेची फट.

इथला हिवाळा एकदम संपत नाही. ओस्लोच्या टेकड्यांवरचा बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो, त्याची कणीदार काच होते आणि नेहमीचं मेण तिच्यावर टिकत नाही. मग क्लिस्टर निघतं, म्हणजे चिकासारखं पातळ, चिकट मेण. ते ट्यूबमध्ये येतं, लाल, निळं, जांभळं, आणि हाताला लागलं की फणसाचा चीक परवडला. लहानपणी सावंतवाडीला आजीकडे फणस फोडायच्या आधी हाताला खोबरेल तेल चोपडायचो. इथे क्लिस्टर लावायच्या आधी मी अजूनही नकळत तेलाची बाटली शोधते, आणि खरंच उपयोग होतो. थंडीत ते घट्ट बसून राहतं, पण घरात आणलं की वाहायला लागतं. क्लिस्टर न पुसता स्की कोपऱ्यात उभी केली तर जूनपर्यंत ते ओघळत बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट अडकवायच्या कळीत, शिरतं, जमिनीवर उतरतं, शेजारच्या कोटाला लागतं. म्हणून हिवाळ्याअखेरची पहिली कामगिरी तीच. बाल्कनीत दोन स्टुलांवर स्की आडव्या, तळ वर. प्लास्टिकच्या पट्टीने जाडसर थर ओढून काढायचा, मग विद्रावकात भिजवलेलं फडकं, मग कोरडं फडकं, मग आणखी एक. फडकी काळी होत जातात. त्या काळ्यात सगळा मोसम असतो: पाइनच्या सुया, माती, झाडाच्या सालीचे कण, गर्दीच्या वाटेवर सांडलेलं दुसऱ्या कोणाचं तरी मेण.

मग इस्त्री. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंब पाडत जायचं आणि ते थेंब तळावर पसरायचे. तळ पॉलिथिलीनचा असतो, अगदी बारीक सच्छिद्र; तो उघडा राहिला की कोरडा पडतो, कडांशी पांढुरका दिसतो, पुढच्या वेळी मेण धरत नाही. उन्हाळ्यासाठी मऊ मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो खरवडायचा नाही. एरवी खरवडणं हेच खरं काम असतं, पांढऱ्या फेण्या जमिनीवर पडत राहतात आणि तळ काचेसारखा होतो. पण वसंतात तो थर तसाच राहू द्यायचा, ओबडधोबड, ढगाळ. ज्या स्कींना पोलादी कडा असतात त्यांच्या कडाही मेणाखाली झाकायच्या म्हणजे गंज चढत नाही. जिथे चिकट मेणाऐवजी मोहेरची, म्हणजे शेळीच्या लोकरीची, लव चिकटवलेली असते तिथे इस्त्री अजिबात न्यायची नाही, ओल आपोआप सुकू द्यायची, हीटरजवळ नाही. हे सगळं शांतपणे करायला एक अख्खी संध्याकाळ लागते. माझा नवरा आणि मी ते एकत्र करतो आणि तेव्हा फारसं बोलत नाही.

मेणाविषयी एक गोष्ट मात्र मला बोलायलाच हवी. कित्येक वर्षं शर्यतीतल्या लोकांचा जीव फ्लोरीनच्या मेणावर होता. ओल्या बर्फावर ते पाण्याला असं झटकायचं की दुसरं काही त्याच्या जवळ येत नसे. इस्त्रीखाली त्याचा धूर व्हायचा, आणि मेण लावणारे तंत्रज्ञ बंद खोलीत तासन् तास त्या धुरात उभे असायचे. स्वीडन आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी त्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्यात या रसायनांचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ती रसायनं कुजत नाहीत, विरत नाहीत. ट्रॉन्डहाइमजवळच्या ग्रानोसेन स्की केंद्राच्या परिसरातल्या मातीत आणि गांडुळांतही ती सापडली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ मध्ये बंदी जाहीर केली. स्कीच्या तळाची चाचणी घ्यायची भरवशाची पद्धत बसवता बसवता ती प्रत्यक्ष लागू व्हायला २०२३-२४ चा मोसम उजाडला. मला ती बंदी मनापासून हवी होती. स्कीची राखण करताना जंगलाच्या मातीची नासाडी होत असेल तर ती राखण कसली? आमच्या मुलांच्या शाळेत आता मेण लावायच्या तासाला खिडक्या उघड्या असतात आणि मेण साधं असतं. मुलं जराशी हळू घसरतात. काही बिघडत नाही.

पाइनच्या डांबराचा धूर वेगळा. लाकडी स्कीला डांबर लावून वरून ज्योत फिरवतात, मग ते उकळतं, बुडबुडे येतात, लाकडात मुरतं, आणि उरलेलं गरम असतानाच पुसून घेतात. इथल्या मध्ययुगीन लाकडी चर्चच्या भिंतींनाही हेच डांबर लावत आलेत. उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या भिंतीतून ते पाझरतं आणि सगळ्या आवारात तो वास असतो. पाणी लाकडात शिरू द्यायचं नाही, एवढीच त्यामागची युक्ती.

मात्र कुठल्याही डांबरापेक्षा, कुठल्याही तळघरापेक्षा चांगली राखण मी एकाच ठिकाणची ऐकली आहे. दक्षिण नॉर्वेतल्या रैनहाइमेनच्या डोंगरांत दिगेर्वार्डेन नावाचा भाग आहे. तिथल्या कायमच्या बर्फाच्या थराशी २०१४ साली पुरातत्त्वज्ञांना एक लाकडी स्की सापडली, बाइंडिंगसकट. काळ इसवी सन ७५० च्या आसपासचा, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य नुकतं उभं राहत होतं तेव्हाचा. दुसरी स्की कुठेच नव्हती. लोक दरवर्षी उपग्रहाच्या चित्रांवरून त्या थरावर नजर ठेवून राहिले. सात वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, बर्फ आणखी मागे हटला आणि पहिलीपासून अवघ्या पाच मीटरवर तिची जोडीदार दिसली. ती १८७ सेंटिमीटर लांब आहे आणि पहिलीपेक्षा जास्त चांगली टिकली आहे, कारण ती बर्फात अधिक खोल होती. पाऊल ठेवायची उंच केलेली जागा, बर्चच्या पिळलेल्या फांद्यांची बांधणी, चामड्याचा पट्टा, लाकडाची खुंटी, सगळं जागच्या जागी. वापरून वापरून झिजलेली, आणि डागडुजी केलेली. तेराशे वर्षांपूर्वीही कोणीतरी ती टाकून न देता दुरुस्त केली होती.

हिमनदीत ती कधीच टिकली नसती. हिमनदी सरकते आणि पोटातलं सगळं चिरडत जाते. हा थर हलत नाही, एका जागी बसून राहतो, म्हणून त्याने ती तशीच धरून ठेवली. पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो, तिला खाली आणण्याचा. पहिल्या दिवशी स्की बर्फात इतकी घट्ट गोठलेली होती की ती निघेना. ओढली असती तर मोडली असती. मंडळी तिला तिथेच सोडून परत गेली. मध्ये बर्फ पडला, ताज्या बर्फाखाली ती शोधावी लागली. सहा दिवसांनी ते मोठी तुकडी घेऊन आले, भोवतीचा बर्फ कुऱ्हाडींनी फोडला आणि स्कीच्या जवळचा शेवटचा बर्फ चुलीवर कोमट केलेल्या पाण्याने सोडवला. मग तिला नीट गुंडाळून डोंगर उतरले. सापडलेली वस्तू पहिल्या दिवशी हाती घेण्याचा मोह टाळून, तीन तासांच्या चढाइतक्या लांब तिला एकटं सोडून परत फिरायला केवढा धीर लागला असेल! आणि हेही खरं की ते कोठार आता आपल्या सगळ्यांच्या धुराने उघडं पडत चाललंय. बाहेर आलेलं लाकूड वेळेत कोणाला दिसलं नाही तर काही वर्षांत कुजून जातं. दर शरदात ही माणसं बर्फाच्या कडेकडेने चालत राहतात, ते त्यासाठीच.

स्की नेण्याआणण्याचं बाकीचं जग इतकं गंभीर नसतं. ओस्लोच्या मेट्रोची एक नंबरची गाडी फ्रोग्नेरसेतेरेनपर्यंत टेकडी चढत जाते आणि जानेवारीतल्या रविवारी तिच्यात माणसांइतक्याच स्की असतात. सगळ्या उभ्या, टोकं छताशी, चालवायच्या काठ्यांसकट एका हाताने कवेत धरलेल्या. परत येताना प्रत्येकजण दारात स्की एकमेकींवर आपटून बर्फ झाडतो, तरी गाडीत पाण्याचे ओघळ असतातच आणि ओल्या लोकरीचा वास. ईस्टरला बेर्गेनच्या रेल्वेने फिन्सेला उतरलं, १२२२ मीटरवर, या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, की फलाटावर पाच मिनिटं नुसता स्कींचा खडखडाट. डोंगरातल्या झोपडीवर पोचल्यावर स्की आत न्यायच्या नाहीत, हे इथे लहान मुलालाही माहीत असतं. बाहेर बर्फात उभ्या खोचायच्या. उबदार स्की थंड बर्फावर ठेवली की खालचा बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि तळाला ढेकळं चिकटतात. स्कीला बर्फाइतकंच थंड राहू द्यायचं असतं. मोटारीच्या टपावरून नेताना रस्त्यावरचं मीठ उडतं. खोक्यात किंवा पिशवीत घातलं नाही तर संध्याकाळपर्यंत कडांवर तांबूस पूड येते. घरी आल्यावर आधी स्की पुसायच्या, मग स्वतःचे बूट काढायचे. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा स्नोबोर्डवाला आहे. तो उन्हाळ्यात बाइंडिंगचे स्क्रू सैल करून ठेवतो, ताणामुळे तळाला खळगे पडू नयेत म्हणून. त्याचं वय सोळा, आणि बोर्ड पुसतानाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शुक्रवारी तळघरातल्या सामानासाठी गाडी आली. स्की न्यायला कोणी आलं नव्हतं. मी कमिटीतल्या बाईंना विचारलं आणि त्या जोडीला माझ्या जाळीच्या खोलीत जागा केली, ठोकळ्यासकट. बाईंनी सुचवलं की झोपडीच्या भिंतीवर फुली करून छान दिसतील. इथल्या हॉटेलांत, झोपड्यांत तशा खिळे ठोकलेल्या स्की सगळीकडे दिसतात. मला ते बघवत नाही. त्यापेक्षा कोणीतरी हलकं, लाकडी स्कीची हौस असलेलं भेटेल आणि कागदाची चिठ्ठी त्याच्या पावलाखाली सरकेल, असं मला वाटतं. शोधते आहे.

या सगळ्यात पुण्याहून ताईचा फोन आला.

माझी भाची स्की करते. लहानपणी पुण्यात चाकांचं स्केटिंग करायची, तिथून ओढ लागली आणि गुलमर्गच्या संस्थेत कोर्स करून आली. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गला व्हायला लागल्यावर तर तिने मनच घातलं. गेल्या मोसमात तिने तिथेच एका परतणाऱ्या परदेशी माणसाकडून उतारावरच्या स्कींची जुनी जोडी घेतली, स्वतःची पहिली. ती पुण्याला कशी आणली ते तिने मला खुलासेवार सांगितलं. गुलमर्गहून तंगमर्गपर्यंतचा तेरा-एक किलोमीटरचा उतार चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून, स्की टपावर. तिला भीती होती की दोर मधोमध आवळतील, पण चालकाने न सांगता खाली पोतं अंथरलं, टोकं मागच्या बाजूला केली आणि दोर पुढे आणि मागे असे दोनच ठिकाणी बांधले. आयुष्यभर ज्याने हेच केलंय त्याला कमानीबद्दल कोणी काही शिकवायला नको. पुढे श्रीनगरच्या विमानतळावर स्की पिशवीत. दोन्ही तळ समोरासमोर, मध्ये टॉवेल, म्हणजे पोलादी कडा एकमेकींना कापणार नाहीत. ब्रेक रबराने बांधलेले. टोकांना आणि शेपटांना जाड मोजे. आणि उरलेल्या जागेत तिचे सगळे लोकरी कपडे ठासून. कपड्यांचं वेगळं सामान वाचलं आणि स्कींना गादी मिळाली. पुण्याला विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर पिशवी आडवी न येता तिरकी अडकून आली, लोक वाट करून देत होते, आणि एका आजोबांनी तिला विचारलं की बाळा, यात बासरी आहे का एवढी मोठी.

ताईने स्की माळ्यावर टाकल्या होत्या. आमच्याकडे न लागणारी प्रत्येक गोष्ट माळ्यावरच जाते, तेव्हा तिचंही बरोबर होतं. पण पुण्यातला मे महिना, वर गच्चीचा तापलेला स्लॅब, त्याखाली दीड फुटावर स्की, आणि त्यांच्यावर दिवाळीच्या माळांचं खोकं आणि पाहुण्यांची गादी. चिकटवलेल्या थरांना ती धग वाईट, तळ कोरडा करणारी, आणि कमानीवर गादी. ताईने त्याच दिवशी खाली काढल्या. भाचीने जुन्या इस्त्रीने मेणाचा थर दिला. बाजारात स्कीचं मेण कुठे मिळणार, ते मी येणाऱ्या एकीबरोबर पाठवलं. मेणबत्तीचं चालेल का असं ताईने विचारलं होतं. उन्हाळ्यात कडा झाकण्यापुरतं अगदीच अडलं तर चालेल, पण तळाच्या छिद्रांत मुरायला मऊ स्की-मेणच बरं.

खरी काळजी पावसाळ्याची. ओस्लोतला उन्हाळा पुण्याच्या पावसाळ्याच्या मानाने कोरडा आणि थंड. इथे फक्त धग आणि दाब टाळला की झालं. पुण्यात जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि उघड्या पोलादावर दोन दिवसांत तांबूस ठिपके. स्की प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधणं सगळ्यात वाईट, आतली ओल आतच राहते. पिशवी रिकामी करून वेगळी वाळवायची, आतल्या लोकरी कपड्यांसकट. बुटांचं आतलं अस्तर बाहेर काढायचं, सुकवायचं, परत घालायचं आणि बकल हलकेच लावून ठेवायची, म्हणजे प्लास्टिकचा आकार फाकत नाही. बाइंडिंगच्या जवळ सिलिकाच्या पुड्या. आणि दर पंधरा दिवसांनी एकदा कडांवरून बोट फिरवायचं. ताईने यात स्वतःची भर घातली. आईच्या दोन सुती साड्या जोडून तिने लांबच लांब खोळ शिवली, तोंडाला नाडी. सुती कापड हवा खेळू देतं, धूळ अडवतं. मी दुकानातली महागातली कव्हरं पाहिली आहेत. ही खोळ त्यांच्यापेक्षा चांगली आहे, हे मी बहिणीच्या प्रेमाने म्हणत नाही.

जागा ठरली ती आतल्या खोलीची, दारामागची भिंत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी. बाहेरच्या भिंतीला नाही, तिला ओल येते. स्की उभ्या, शेपटांखाली दुमडलेली सतरंजी, दोन सैल पट्टे. भाची शिकवणी घेते ती याच खोलीत, म्हणजे लक्ष राहतं. जूनमध्ये सगळं सुरळीत गेलं. परवा ताईचा पुन्हा फोन. गणपतीला सोलापूरची मंडळी येणार, खोली लागणार, मुलं दार धाडकन लावणार, स्की पडतील. पलंगाखाली सरकवू का?

मी म्हटलं सरकव. आडव्या ठेवायला काहीच हरकत नाही, तळ वर करून ठेव, खाली सतरंजी घाल, आणि त्यांच्यावर एकही बॅग ठेवू देऊ नकोस कोणाला.

"बॅगा कशाला ठेवू देईन," ताई म्हणाली, "पण मधल्या त्या फटीत मुलं हात घालून बघतात, त्याचं काय करू?"

घालू देत, म्हटलं. आणि जमलं तर एक कागदाची चिठ्ठीही दे त्यांच्या हातात.